जरा इथंच

लिफ्ट चौथ्यावर थांबताना एकदा खट् करते,
पाचव्यावर दोनदा.
मी पाचव्यावर राहते, माहीमला, सीतळादेवीच्या मागच्या गल्लीत.
सकाळी आठ सदतीसला चपला घालून, पिशवी खांद्याला लावून
दाराला कान देऊन उभी असते.
खट् ऐकू आलं की थांबते.
कोणीतरी आहे.
जाऊ दे त्यांना.

नऊ वर्षांची होते. हीच लिफ्ट, तेव्हा जाळीच्या दाराची.
विजयकर काकूंनी विचारलं, काय गं, कुठे निघालीस?
मी सांगितलं:
बाबांना तीन दिवस शौचाला झालेलं नाही,
इसबगोल आणायला चाललेय,
लहान डबा, कारण मोठ्याला पैसे कमी पडतात,
आणि आईनं सांगितलंय वाटेत कोणाशी बोलत बसू नकोस,
पण तुम्ही विचारलंत.

लिफ्ट हसली. म्हणजे काकू, त्यांची नणंद, वरचे धुरंधर.
मीही हसले, थोडी उशिरा.
संध्याकाळपर्यंत ते हसू आमच्या घरी पोचलं.
बाबा न जेवता उठले.
आईनं मला समोर बसवलं.
कुठे निघालीस, याचं उत्तर असतं: जरा इथंच.
पण मी तर पार स्टेशनपलीकडे—
जरा इथंच. म्हण दहा वेळा.

म्हटलं.
अजून म्हणते आहे.

मग बाकीचंही शिकले. डोळ्यांत बघायचं नसेल तर टिकलीकडे बघावं,
तीन अंक मोजून नजर काढावी.
"या हं एकदा घरी" याचा अर्थ येऊ नका.
हे मात्र शिकले चौथ्या मजल्यावर,
रविवारी दुपारी चारला,
हातात अर्धा किलो चिकू घेऊन,
झोपेतून उठलेल्या चार माणसांसमोर उभी राहून.

परळच्या ओपीडीत डॉक्टर मिस्त्री म्हणाल्या,
भीती आधीची, की हे आधीचं?
हे म्हणजे त्यांच्या कागदावर होतं ते,
मला एकोणचाळिसाव्या वर्षी मिळालेलं
माझं जुनंच नाव.
त्यांनी सहज विचारलं असेल. मला सहज येत नाही.
एकोणीस दिवसांनी पत्रानं कळवलं:

आवाज आधी होते. ट्यूबलाइटची गुणगुण,
कॉलरमागचं टोचणारं लेबल,
एकाच चेहऱ्यावर एका वेळी किती काय काय चाललेलं असतं, तेही.
त्रास होता. भीती नव्हती.
त्या लिफ्टमध्ये मी खुशीत चढले होते, डॉक्टर,
मला माहीत असलेलं कोणीतरी मला विचारणार होतं.
चढताना मी एकटी होते.
उतरताना आम्ही दोघी उतरलो.

गुरुवारी कान दिला होता. काही वाजलं नाही.
बटण दाबलं, दार उघडलं,
आत सहाव्यावरचे नवे भाडेकरू: आजोबा आणि नातू, निषाद.
परत फिरणं बरं दिसत नाही, हेही शिकलेलं.
शांतता अंगावर आली
आणि माझ्याच तोंडून गेलं,
काय रे, कुठे निघालास?

केस कापायला, तो म्हणाला, पण मी कापून घेणार नाहीये,
मशीन कानाशी आलं की दातांत वाजतं,
आजोबांना अजून सांगितलं नाहीये.

आजोबा हसले. माझ्याकडे बघून,
मोठ्यांनी मोठ्यांकडे बघावं तसे.
माझे गाल तयार होऊ लागले, तीस वर्षांच्या सरावानं.
कसेबसे थांबवले.
कात्रीनं काप म्हणून सांग, मी म्हटलं.
कात्री दातांत वाजत नाही.

त्यानं विचार केला.
मग म्हणाला, चौथ्यावर एक खट्, पाचव्यावर दोन.
आणि सहाव्यावर?
तिथे खट् नाही. घासतं नुसतं, हळू.

हे मला ठाऊक नव्हतं.
सहाव्यावर कधी गेलेच नाही.

तळमजल्यावर आजोबांनी दार धरलं, शिष्टाचारानं विचारलं,
तुम्ही कुठे, ऑफिसला?
जरा इथंच, मी म्हणाले.

पोरगा वळला.
इथं म्हणजे कुठे?