सात जास्तीच्या ओळी

ग्रिम्सबीत फ्रीमन स्ट्रीटच्या टोकाला
गोदीवरचा माशांचा वास दुकानात शिरायचा,
तबकड्यांच्या पाकिटांना चिकटून
घरोघर जायचा.

गल्ल्याशेजारी एक वही, लंडनहून आलेली,
पेन्सिल तिला सुतळीने बांधलेली.
जे विकलं त्याचा नंबर लिहायचा,
एका विक्रीला एक ओळ.
शनिवारी दुकान मिटताना वही टपालात.
देशभरच्या अशा वह्यांची कुणीतरी बेरीज करायचं
आणि मंगळवारी दुपारी रेडिओ सांगायचा
देश सध्या कुणावर फिदा आहे.

वही लिहायची विनिफ्रेड स्कॅमन.
वय एकोणीस, अक्षर टपोरं.
मालक ऑस्लर वरच्या मजल्यावर
न विकले जाणारे पियानो पुसत बसायचे
आणि ‘गिटार’ हा शब्द
तोंडात केस आल्यासारखा उच्चारायचे.

काय काय झालं त्या वर्षी!
मोठाले बँड फुटले,
कुणाला देव सापडला, कुणाला वकील,
कुणी भर स्टेजवर गिटार आपटली
आणि दुसऱ्या दिवशी तशीच नवी घेतली.
विनिफ्रेडपर्यंत हे सगळं
आकडे होऊन यायचं.
प्रेमभंग शुक्रवारी खपायचा, पगार झाल्यावर.
नाचाची गाणी शनिवारी, घाईघाईत.
पहिल्या नंबरचं गाणं ओळखायला
तिला कान लागत नसत,
मनगट दुखायचं.

सप्टेंबरात गावच्याच चौघांची तबकडी आली:
आइस हाउस फोर.
गाणारा डेरिक लील, बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला.
ड्रमवाला ट्रॉलरवर, तीन-तीन आठवडे आइसलंडकडे,
त्यामुळे बँडला ताल
महिन्यातून एकदाच मिळायचा.

गाणं बरं होतं. फार नाही.
दुसऱ्या कडव्यात डेरिकला श्वास पुरत नाही,
शब्दाच्या काठावर तो जरा घसरतो.
स्टुडिओचे पैसे संपले, ते तसंच राहिलं.
तेवढंच तिला आवडायचं.

आठवड्यात बारा गेल्या.
त्यातली एक डेरिकच्या आईने नेली,
घरी वाजवायला यंत्र नसताना.

शनिवारी, शटर अर्धं खाली,
विनिफ्रेडने पेन्सिलीला टोक काढलं
आणि तोच नंबर सात वेळा लिहिला.
सलग नाही. मध्ये मध्ये, इतरांच्या गर्दीत,
कधी दाबून, कधी हलक्या हाताने.
सात गिऱ्हाइकांना तिने चेहरेही दिले:
एक नर्स, एक तोतरा पोस्टमन,
सुट्टे पैसे मोजून देणाऱ्या जुळ्या बहिणी,
बाकीचे तिघं पाठमोरे.

दोन आठवड्यांनी पेपरात, बारीक टाइपात,
अगदी तळाशी: एकोणपन्नास.

डेरिक पेपर घेऊन आला.
बर्फाने लाल झालेली बोटं,
एका बोटाला त्या ओळीची शाई.
‘इथे किती गेल्या?’
‘एकोणीस,’ ती म्हणाली.
वहीत तसंच होतं.

पुढच्या आठवड्यात गाणं यादीत नव्हतं.
नंतर कधीच नव्हतं.
डेरिकने आणखी सव्वीस वर्षं बर्फ फोडला,
पण गावातून चालताना
रस्त्याच्या मधून चालायचा.
पबमध्ये त्याचा फोटो अजून आहे,
खाली पितळी पट्टी, दर नाताळात कुणीतरी घासून ठेवतं.

विनिफ्रेड आता क्लीथॉर्प्सला राहते.
मनगट थंडीत अजून दुखतं.
खोटं लिहिल्याचं तिला काही वाटत नाही,
देवाला त्याहून मोठे हिशेब असतील.

फक्त कधी रात्री झोप मोडते
आणि तिला आठवतो एक्कावन्नावा.
तो छापत नसत.
कुठेतरी, डंडीत म्हणा, नाहीतर स्वान्सीत,
एक मुलगा त्या गुरुवारी
यादीवरून बोट फिरवत होता,
खालून वर,
मग वरून खाली,
मग पान उलटून मागेही.

आणि त्याच्या गावच्या दुकानात
वही लिहिणारी पोरगी
प्रामाणिक होती.