काळ्याच्या जाती

पहिल्या दिवशी मी रानबेरीच्या मुरंब्यावर ढकललं.
लेओकादियाने यंदा चौदा बरण्या भरल्यात.
जीभ, दात, बोटं, सगळंच जांभळं होतं त्याने,
मग खालून काळं आलं तर नवल काय.

मुरंबा सोडला. नऊ दिवस.
दहाव्या दिवशीही तेच.
काळं, चकचकीत, आणि वास असा
की संडासाची खिडकी
उणे अकरातही उघडी ठेवावी लागली.
बायकोला म्हटलं, मासा शिळा होता.

मग शाळेच्या छपरावर
एका धुराड्याची दोन झाली.
त्यातल्या खऱ्याला मिठी मारून बसून राहिलो.
खालून गुंटिस ओरडला, काका, आत घरटंय का?
आहे, म्हटलं.
पिल्लं आहेत. थांब जरा.

एकेचाळीस वर्षं तोंड काळं करून जगलो,
तेही इमानदारीत.
काळं बाहेरून येतं, साबणाने जातं,
एवढंच मला ठाऊक.
हे आतून येत होतं.

लुद्झाच्या दवाखान्यात डॉक्टर स्प्रोगे,
माझ्या धाकटीच्या वयाची.
तिच्या आईचं धुराडं मीच साफ करतो,
म्हणून तर जास्त अवघड.
आधी गुडघ्यांबद्दल बोललो.
मग रस्त्यावरच्या बर्फाबद्दल.
मग तिच्या आईच्या भट्टीची झडप बदलायला झालीय
(खरंच झालीय).
उठलो, टोपी घातली, दाराची मूठ धरली.
पोटातलं ओठावर यायला
हातात थंड पितळ लागतं की काय, कोण जाणे.

"काळं होतंय," मी दाराला सांगितलं.

"बसा," ती म्हणाली. "कसं काळं?"

हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं.
कोळसा उगाळावा तितका काळाच म्हणतात लोक,
उगाळलेला नसतो म्हणून म्हणतात.
मी टोपी काढली.
म्हटलं, बर्चची काजळी भुरभुरीत, फुंकरीने उडणारी.
आल्डरची त्याहून कोरडी, राखेकडे झुकलेली.
पीटची खरं तर तपकिरी,
दिव्याशिवाय कळत नाही.
आणि आळशी घरांत, जिथे ओलं पाइन जाळतात,
तिथे विटेला डांबर धरतं,
खरवडलं की पात्याला लोंबत येतं,
त्यात तोंड दिसेल असं.
हे शेवटचं.
फक्त पाण्यात पडलं
की कडेने लालसर सुटतं. डांबर तसं करत नाही.

तिचं पेन थांबलं.

गुडघ्यांच्या गोळ्या किती घेता?
चार. शिडीच्या दिवशी सहा.
जेवून?
मला हसू आलं. छपरावर कोण जेवतं.
तिने माझी खालची पापणी ओढली,
आत बघून काही बोलली नाही.
दुखणं अंगावर का काढलंत, हेसुद्धा नाही.
फोन उचलला: रेझेकने, आजच, हो, आत्ता.
मला म्हणाली, गोळ्या बंद. काही खायचं नाही.
गाडी तुम्ही चालवायची नाही.

ॲम्ब्युलन्समधल्या पोराने समजावलं,
घशातून नळी घालतात, टोकाला दिवा,
वरून खाली बघत जातात,
जखम दिसली तर तिथल्या तिथे बंद करतात.
मी म्हटलं, बाळा,
साखळी, गोळा, ब्रश. वरून खाली.
तू मला शिकवतोस?
तरी हात कापत होते. रक्त कमी असेल, तो म्हणाला.
असेल.

आमच्याकडे धुराडेवाल्याचं बटण
हात लावायला शुभ मानतात.
नवऱ्या मुली, परीक्षेची पोरं,
एकदा तर एक पोलीस.
लेओकादियाने कधी लावला नाही.
तिला तो कोट धुवावा लागतो.

आता त्यांनी तो माझ्या अंगावरून काढून
तिच्या मांडीवर दिलाय.
दाराच्या काचेतून दिसतं,
वरून दुसरं बटण तिच्या मुठीत,
ओठ हलताहेत.
प्रार्थना नसावी.
माशाबद्दल काहीतरी असावं.