शेरा

जानेवारीत मोजायचं, कारण तेव्हा पंप बंद असतात.
कॅन्ससच्या पश्चिमेला, मक्याच्या गोठलेल्या खुंटांतून
गाडी विहिरीपर्यंत जात नाही;
शेवटचा पाव मैल चालत.
पोलादी फीत खांद्यावर, खिशात निळा खडू.

फितीचं टोक खडूनं माखायचं,
नळीच्या अंधारात सोडायचं.
वर ओढली की जिथवर निळं गडद झालंय
तिथवर पाणी.
एवढंच. पाणी मला कधीच दिसत नाही,
त्यानं भिजवलेला खडू तेवढा दिसतो.

वहीत माझ्याआधी तीन हस्ताक्षरं आहेत.
पहिलं एकसष्ट सालचं, तिरपं, शाईचं: ९४ फूट.
मधलं कुणीतरी आकडे इतके दाबून लिहायचं
की ते मागच्या पानावर उठलेत.
गेल्या वर्षी, माझं: २१२.६.

आर्व्हिला कोएन दारातूनच विचारते, "कशी आहे?"
विहिरीबद्दल. दर वर्षी, याच शब्दांत.
आणि उत्तर ऐकायला पुरती थांबत नाही.

गेल्या महिन्यात वर्तमानपत्रातला दुष्काळाचा नकाशा
तांबड्याचा पिवळा झाला.
बर्फ पडला ना दोनदा.
दोनशे फूट खाली ही बातमी पोचायला
किती वर्षं लागतात, ते नकाशात नसतं.

आज फीत वर आली: २१२.१.
दोनदा मोजायचं, असा नियम आहे.
पुसून, नवा खडू लावून, पुन्हा: २१२.१.
अर्धा फूट वर.
तिसऱ्यांदाही सोडली, नियमात नसताना.

आर्व्हिलाला सांगितलं. तिनं हातातला फडका खाली ठेवला
आणि खिडकीतून बोट दाखवलं,
जिथे एल्डन फ्रीसनचा लांबलचक फवारा
चाकांवर उभा होता,
टायरांना वाऱ्यानं आणलेले काटेरी गोळे अडकलेले.
"मुलीनं नेलं त्याला विचिटाला, एप्रिलमध्ये.
या उन्हाळ्यात बटण दाबायला कुणी नव्हतं."
मग म्हणाली,
"चाळीस वर्षं भांडले मी त्याच्याशी या पाण्यावरून."
पुढे काही नाही. कॉफीत साखर घातली.
तिला साखर चालत नाही.

गाडीत बसून फॉर्म भरला.
तारीख, पातळी, फितीचा क्रमांक.
शेऱ्याला एकच चौकोन, एका अक्षरापुरता.
'शेजारचा पंप बंद' यासाठी अक्षर ठरलेलं आहे.
ते लिहिलं.
बोटावरचा निळा खडू त्याला लागला,
पुसायला गेले
तर आणखीच पसरला.