पहिला तास

साडेसात वाजलेत.
वडगावातून चालत आलेली नागवेणी
तिसऱ्या बाकावर वही उघडते, तारीख घालते
आणि तारखेवरच डोकं टेकते.

केसांत सुताची पिंज.
बोटांना जांभळा रंग अजून ओला वाटावा असा.
कुणा अनोळखी बाईची साडी
काल रात्री दोन-अडीच वार पुढं सरकली असणार.

मी फळ्यावर लिहितो : शरीरातलं घड्याळ.
पुस्तकात त्याला लांबलचक इंग्रजी शब्द आहे.
बसलिंगप्पासाठी खाली लिहितो : गडियार.
घड्याळ, गडियार,
आणि दोन्ही बंद पडल्यासारखा समोरचा वर्ग.

"मेंदूत तांदळाच्या दाण्याएवढी जागा असते,
उजेड बघून ती दिवस ठरवते.
तुमच्या वयात ती जरा मागं चालते.
झोप उशिरा येते, जागही उशिरा.
हा आळस नव्हे."
एवढं बोलून मी जांभई गिळतो
(खानापूरची पाच चाळीसची बस, उभ्यानं)
आणि बोलत नाही ते हे, की
साडेसातचं वेळापत्रक ठरवणाऱ्या कागदावर
चौथी सही माझी आहे.

मागच्या चाचणीत प्रश्न होता :
शरीराचं घड्याळ बाहेरच्या कशावर लावलं जातं?
उत्तर एका शब्दात. उजेड.
नागवेणीनं लिहिलं : हेस्कॉम.
आणि जागा उरली म्हणून खाली :
'माग चालू असला की मला गाढ झोप लागते.
करंट गेला की जाग येते.
मग अण्णा म्हणतात, उठलीस तर कांड्या भर गे.
करंट येईपर्यंत भरते.'

लाल पेन बराच वेळ हातात धरून बसलो.
चूक म्हणावं, तर कुणाची?
शेवटी अर्धा गुण दिला.
उरलेला अर्धा
अजून माझ्याकडेच आहे.

आज आठला दहा कमी असताना
डोक्यावरचा खडखडणारा पंखा
हळू झाला, थांबला.
रस्त्यापलीकडची पिठाची गिरणीही.
सगळं कसं एकदम रिकामं.
वर्ग तसाच पेंगत राहिला,
खडू माझ्या हातात तसाच,
आणि नागवेणी ताठ उठून बसली,
गालावर आजची तारीख उलटी उमटलेली.

"काय विचारलासा, सर?"

काही विचारलं नव्हतं.
"झोप," म्हणालो, "येईल आत्ता करंट."