नमुना खोली

पहाटे वाकडेवाडीला उतरलो तेव्हा माझ्या डोळ्यांत
अजून वॉर्ड नंबर चारची ट्यूबलाइट होती.
संध्याकाळची ड्युटी, मग अकराची गाडी.
सलोमीने स्टँडवरच्या बाथरूममध्ये कुर्ता बदलला,
केस दोनदा विंचरले
आणि रिक्षात बसल्यावर म्हणाली,
"आई, तिथे सिस्टरच्या आवाजात बोलू नकोस हं."

फाटकाशी कमान, कमानीला फुगे.
पिवळ्या टी-शर्टातला एक मुलगा उलटा चालत
आम्हा सगळ्यांना विद्यापीठ दाखवत होता:
हे ग्रंथालय, चोवीस तास उघडं,
ही प्रयोगशाळा, ती मागची टेकडी आपलीच समजा.
उदगीरचे एक गृहस्थ प्रत्येक इमारतीचा फोटो काढत होते,
जणू उद्या मोजणी आणणार आहेत.
मला एवढंच दिसलं,
मुलाचे ओठ सुकलेत, सकाळपासून पाणी नाही पोटात.
बाटली पुढे केली.
सलोमी चार पावलं लांब सरकली.

मग वसतिगृह. तळमजल्यावर नमुना खोली:
निळी चादर, बाटलीत मनीप्लांट,
टेबलावर एक उघडं पुस्तक, कुणीच न वाचलेलं.
चादरीचे कोपरे नुसते कोंबलेले.
गेलाच माझा हात.
गादी उचल, तिरकी घडी, आत सरकव, तळव्याने दाब.
सत्तावीस वर्षं झाली, हाताला सांगावं लागत नाही.
रेक्टर लोहोकरे मॅडम हसल्या, "अहो, राहू द्या."
मी म्हटलं,
"दुसरी बघू का? जिथे कुणी राहतं अशी?"

तिसरा मजला. चोपन्न पायऱ्या.
दुसऱ्या वळणावर स्ट्रेचर अडकेल.
दोन खाटांच्या मध्ये सव्वा हात,
खोकल्याच्या पेशंटलाही आम्ही याहून जास्त देतो.
खिडकी पश्चिमेला, जाळीला भोक, भोकात कापूस.
बेसिनचा नळ
मिनिटाला बावीस थेंब. सलाइनला बरा.
दारामागे पेन्सिलच्या रेघा, पाच-पाचांचे जुडगे.
कुणीतरी दिवस मोजत होतं
आणि सदतीसला थांबलं होतं.
घरी गेली असेल? की मोजायचं विसरली?
मी सलोमीला दाखवलं नाही.
तिने पाहिलं होतं.

मॅडम फी सांगत होत्या, मेस, अंगठ्याचं मशीन, कॅमेरे.
मी विचारलं,
"रात्री अडीचला पोरीला ताप भरला, तर दार कोण उघडतं?"
"त्याची प्रोसीजर आहे," त्या म्हणाल्या.
आमच्याकडेही आहे. काचेत लावलेली.
व्हरांड्यात फरशी पुसणारी बाई हात न थांबवता बोलली,
"म्या उघडती. किल्ली माझ्या उशाखाली असती."
"नाव?"
"ठकूबाई."
"झोप कशी?"
"कुत्र्यावानी."
तिचा नंबर मी तळहातावर लिहून घेतला,
घाईत बीपी लिहितो तसा.

दुपारी वडाच्या पारावर
फुकटची कापडी पिशवी, फुकटचं पेन, गार पोहे.
"तुला काय आवडलं?" मी विचारलं.
बराच वेळ ती शेंगदाणे वेचत राहिली.
"ग्रंथालयात एक मुलगी झोपली होती.
तोंड उघडं टाकून, पुस्तकावर.
कुणी उठवत नव्हतं तिला."
मग पोहे संपवले तिने. माझेसुद्धा.

परतीच्या गाडीत शिक्रापूर गेलं तरी गप्प.
फॉर्म तिच्या मांडीवर, पेन नव्या पिशवीतलं.
"बोललीसच शेवटी सिस्टरच्या आवाजात," ती म्हणाली,
मान वर न करता, माझं नाव रकान्यात भरत.
मी डोळे मिटून घेतले.
"तो तिसऱ्या मजल्यावरचा नळ," मी म्हटलं,
"पहिल्याच दिवशी तक्रार कर.
ऑफिसात वही असते. वहीत लिही, तारीख घाल, सही घे.
तोंडी सांगू नकोस."