रकाना

वीब्केच्या बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या,
हातात टेप, काखेत फॉर्म.
शेडचं दार सरकतं
आणि एकोणीस हजार कोंबड्या
एकदम गप्प.
मग कुठेतरी खोकल्यासारखं काही, मग सगळ्याच.

उजेड: पुरेसा. भुसा: कोरडा.
चोच मारायला टांगलेली दोरी: आहे.
एक कोंबडी लंगडत येते,
वीब्केच्या पावलावर फतकल मारते.
ह्याला रकाना नाही.
ती थांबते, जरा जास्तच.
मालक योहानिंग घड्याळ बघतो.

शनिवारी, ओल्डेनबुर्गात, दुकानातल्या थंड फळीपुढे
त्यार्क पाकीट उलटंपालटं करतो:
"आई, तीन नंबर म्हणजे चांगलं ना?"
"दोनपेक्षा."
पाकीट टोपलीत पडतं.
दारापर्यंत ती उजवा पाय
उगाच जपून टाकते.