हक्काचा आठवडा

आठाला एक मिनिट कमी असतं
आणि ईरीहून फोन येतो.
कझिमिर वोयतोविच. मालक क्रमांक मला पाठ आहे,
तरी ते एकेक आकडा सावकाश देतात,
गल्ल्यावर सुटे पैसे मोजून ठेवावेत तसा.

नियम साधा आहे आमचा.
ज्याचं हे घरचं रिसॉर्ट, त्याला अकरा महिने आधी.
बाकीच्या मालकांना सात.
मधले चार महिने घरच्यांचे.
या चार महिन्यांपायी
लोकांनी आयुष्यभराचे हप्ते डोक्यावर घेतलेत.
समुद्रासमोरचा मजला आठ वाजून तीन मिनिटांनी संपतो,
चौथ्या मिनिटाला माझ्यावर ओरडणं सुरू होतं:
आम्ही काय उपरे आहोत का?

वोयतोविच ओरडत नाहीत.
"मार्चचा दुसरा आठवडा.
तिसरा मजला, टोकाची खोली. पार्किंगकडची."

पहिल्या वर्षी वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक.
म्हटलं, समुद्र अजून शिल्लक आहे, साहेब.
"समुद्र राहू द्या. डोलोरेसला तिथलं तळं आवडतं."
तळं म्हणजे पावसाचं पाणी साठवायचा खड्डा,
जाळीच्या कुंपणाआड,
आणि त्यात एक राखी बगळा
कुठल्याही बुकिंगशिवाय.

मागून तिचा आवाज यायचा,
भांड्यांच्या आवाजावर चढवलेला:
टोस्टरचं सांग! एकाच बाजूने भाजतो म्हणावं!
मी नोंद करायचे.
सहा वर्षं केली.

ती खोली कुणी मागत नाही.
सात महिन्यांवाले मागत नाहीत, सात दिवसांवालेही नाहीत.
आदल्या रात्री फोन केला असता तरी मिळाली असती.
हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.
"मिळाली," म्हणते मी, थोडं थांबून,
जणू कुणाच्या तरी हातून ओढून घेतली,
आणि तिकडे एक श्वास सुटतो
लांबलचक.

मी स्वतः हायवेलगतच्या मोटेलात राहते,
किसिमीला, मुलासह, आठवड्याच्या भाड्याने.
शुक्रवारी अकराच्या आत पैसे,
नाहीतर दाराचं कार्ड हिरवं होत नाही.
मलाही आठवड्याचाच हक्क आहे तसा.
फक्त आधी काही ठरवता येत नाही.

डोलोरेस ऑगस्टात गेली.
त्याच सोमवारी तिच्या मार्चची दारं
बाकीच्यांसाठी उघडली होती.
त्यांनी फोन केला, या वेळी दुपारी.
"दोघांचं एक करायचंय."
मी पडद्यावर पाहिलं. पाहुणे: दोन.
म्हटलं, दोन ठेवले तर जास्तीचे पैसे लागत नाहीत.
बराच वेळ रेषेवर फक्त फ्रिजची घरघर.
"मग राहू द्या."

मार्चमध्ये ते गेले.
तिथल्या मुलीने काउंटरवरून म्हटलं असेल,
घरी स्वागत आहे.
सगळ्यांनाच म्हणायचं असतं ते,
अकरावाल्यांना, सातवाल्यांना,
कुणाच्या तरी कुपनावर आलेल्यांनाही.

आज एप्रिल. सात एकोणसाठ.
आकडे. एकेक. मार्चचा दुसरा आठवडा.
मी थांबले, नेहमीएवढी,
कळांचा थोडा खटखटाट केला,
मग म्हटलं, मिळाली.
श्वास.

पाहुणे किती, हे विचारावंच लागतं.
मी नाही विचारलं. दोन टाकले.
विचारलं ते भलतंच:
आणि टोस्टर, साहेब?

"बदललाय त्यांनी," वोयतोविच म्हणाले.
"दोन्ही बाजू भाजतो आता.
मी पाव उलटायला उठलो, तर
तो झालेला."

रांगेत एकोणचाळीस फोन चमकत होते.
मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
टोस्टर नीट आहे.
मग खोडलं.
लिहिलं: जुना असेल तर तोच ठेवावा.